यंदाची संक्रांत कुणाकडे पाहते आहे

पौषातली थंडी आता अंगवळणी पडली आहे. मंडईत उसाची पेरे, बोरे, ओल्या हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या यांचे वाटे लागले आहेत, सुगडी घरोघर पोहोचली आहेत आणि भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर थापलेल्या तिळाचा खमंग वास अजून स्वयंपाकघरातून हटलेला नाही. सूर्य मकर राशीत गेला. आजपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची ये-जा राहील, वाण लुटले जाईल, नव्या सुनेच्या अंगावर काळी साडी आणि हलव्याचे दागिने चढतील, आणि वर्षभर ज्यांच्याशी बोलणे टाकले होते त्यांच्याही तळहातावर तिळगूळ ठेवून आपण गोड बोलण्याचा आग्रह धरू.

याच दिवशी पंचांगातले आणखी एक पान उघडले जाते. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, तिने कोणते वस्त्र नेसले आहे, हातात शस्त्र कोणते, ती कोणत्या दिशेकडून आली, कुठे निघाली आणि कोणत्या दिशेकडे पाहते आहे, हे सारे तिथे तपशिलाने दिलेले असते. जिकडे ती पाहते तिकडे संकट, असे मानण्याची रीत आहे. एवढ्यावर भागत नाही. अधूनमधून कुठल्या तरी तालुक्यातून वार्ता उठते, की यंदाची संक्रांत एकुलता एक मुलगा असलेल्या आईवर आहे. उतारा म्हणून अमुक जणींनी तमुक जणींना बांगड्या भरायच्या. संध्याकाळपर्यंत कासाराच्या दुकानापुढे गर्दी होते. ही बातमी पहिल्यांदा कोणी सांगितली हे कोणी विचारत नाही, आणि विचारून तरी काय, चार बांगड्यांनी कुणाचे काय जाते, असा समंजस हिशेब त्यामागे असतो. रथसप्तमी उलटते, भीती ओसरते, बांगड्या मात्र हातात राहतात.

राज्यांच्या भीतीचेही असेच होते, फक्त त्यांच्या हातात राहणाऱ्या वस्तू जड असतात. भिंती राहतात, कायदे राहतात, कपाटांच्या रांगाच्या रांगा भरून फायली राहतात. ज्या संकटासाठी त्या उभारल्या ते आले किंवा न आले, आल्यावर त्यांचा उपयोग झाला किंवा न झाला, याचा जमाखर्च मांडायला सहसा कोणी बसत नाही. नव्या वर्षाच्या या पहिल्या सणाला तो मांडायला हरकत नसावी. कारण जानेवारी महिन्याच्या पोटात अशा हिशेबाच्या तारखा बऱ्याच दडल्या आहेत.

सरकारांपैकी सर्वांत भित्रे कोणते, असा प्रश्न केला तर आपले सहज उत्तर असे असेल की जे दुबळे आहे, लहान आहे, शत्रूंनी वेढलेले आहे ते. इतिहास मात्र या उत्तराला दुजोरा देताना फार आढेवेढे घेतो.

१५ जानेवारी १९९० चा दिवस घेऊ. आपल्याकडे किंक्रांत होती. बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात, नॉर्मानेन रस्त्यावरच्या एका अवाढव्य कार्यालयसंकुलापुढे संध्याकाळी हजारो माणसे जमली. येताना विटा आणि चुना घेऊन या, असे आवाहन ‘नॉयेस फोरुम’ या नागरी चळवळीने केले होते. या कार्यालयाचे दार प्रतीकात्मक रीतीने चिणून टाकायचे, असा बेत होता. पण दार उघडले गेले आणि लोक आत शिरले. ते कार्यालय होते पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा मंत्रालयाचे, म्हणजे जगाला ‘श्टाझी’ या नावाने ठाऊक असलेल्या यंत्रणेचे मुख्यालय. त्याआधी दीड महिना, ४ डिसेंबर १९८९ रोजी, एर्फुर्ट शहरात धुराड्यातून निघणारा धूर पाहून कागद जाळले जात असल्याचा संशय काही स्त्रियांना आला होता, आणि त्यांच्या पुढाकाराने लोकांनी तिथले जिल्हा कार्यालय ताब्यात घेतले होते. बर्लिनचा क्रम सर्वांत शेवटी लागला.

आत काय सापडले, हे आठवणे आजही उद्‌बोधक आहे. सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येच्या त्या देशात या मंत्रालयाचे पगारी नोकर ९१ हजारांच्या घरात होते, आणि त्यांच्याखेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे होते. हे खबरे कोण? शेजारी, वर्गमित्र, कारखान्यातले सहकारी, चर्चमधले धर्मोपदेशक. एका चळवळीतल्या स्त्रीच्या बाबतीत तर खुद्द नवरा. फायली एकापुढे एक उभ्या केल्या तर १११ किलोमीटर भरतील एवढ्या. संशयितांच्या अंगाचा वास फडक्यात टिपून ती फडकी काचेच्या बरण्यांत बंद करून ठेवलेली, हेतू असा की उद्या एखादे पत्रक सापडले तर कुत्र्याला हुंगवून माणूस शोधता यावा. घाईघाईने फाडलेल्या कागदांची पंधरा हजारांहून अधिक पोती निघाली. न्यूर्नबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ या गावी १९९५ पासून माणसे ते तुकडे हाताने जुळवत बसली. मंत्री एरिक मिल्के यांच्या दालनात एक लाल सूटकेस मिळाली. तिच्यात त्यांच्याच पक्षप्रमुखाच्या, एरिक होनेकरच्या, तरुणपणातल्या तुरुंगवासाबद्दलचे अडचणीचे कागद जपून ठेवलेले होते. सगळ्या देशावर पाळत ठेवणाऱ्याने आपल्या वरिष्ठावरही ठेवावी, यात त्या व्यवस्थेचे तर्कशास्त्र पूर्णत्वाला गेले म्हणायचे. मिल्केंची न्याहारी टेबलावर कशी मांडायची याचा आकृतीसह कागदही आज तिथल्या संग्रहालयात पाहायला मिळतो. भीतीच्या कारभारातही माणूस अंड्याच्या बाबतीत काटेकोर असू शकतो.

आता या यंत्रणेला भय कशाचे होते? अधिकृतपणे बाहेरच्या शत्रूचे. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये जी भिंत घालायला सुरुवात झाली तिला ते सरकार ‘फॅसिस्टविरोधी संरक्षक तट’ म्हणत असे. पण या तटाचे काटे, खंदक आणि पहारे आतल्या बाजूला तोंड करून होते. तो ओलांडण्याच्या प्रयत्नात आणि त्याच्या आसपास किमान १४० माणसे जिवाला मुकली. शत्रू पश्चिमेला आहे असे सांगायचे आणि बंदूक पूर्वेला रोखायची, हे अठ्ठावीस वर्षे चालले.

एवढे सगळे ऐकणाऱ्या या कानांना १९८९ सालचा गलका मात्र वेळेवर कळला नाही. कागदांवर नोंदी होत होत्या, लाइपझिगच्या सोमवारच्या मोर्चांची डोकी मोजली जात होती, लोक नाराज आहेत असे अहवालही जात होते; परंतु त्या नाराजीचे कारण सरकार स्वतः असू शकते, हे वाक्य वरपर्यंत पोहोचण्याची सोय त्या रचनेत नव्हती. खालचा अधिकारी वरच्याला जे रुचेल त्या भाषेत लिहीत असे, आणि सगळ्यांत वरच्यांना वाचावेसे वाटत नसेल ते बाजूला पडे. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी, भिंत उघडल्यानंतर चार दिवसांनी, मिल्के लोकसभागृहात बोलायला उभे राहिले आणि आपले सर्व माणसांवर प्रेम आहे अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेले. तेव्हा सभागृह हसले. बत्तीस वर्षे त्या पदावर असलेल्या माणसाला आपल्याविषयी लोकांना काय वाटते, याचा पत्ता बहुधा त्या हसण्यातूनच पहिल्यांदा लागला असावा.

आपल्या लक्षात येईल की इथे एक विचित्र व्यवहार चालू असतो. सत्ता जितकी घाबरते तितके तिच्याभोवतीचे लोक तिच्याशी गोड बोलू लागतात. कारण घाबरलेल्या माणसाला कडू सांगणारा स्वतःच संशयित ठरतो. मग सत्तेला खऱ्या धोक्याची बातमी मिळत नाही, खोट्या धोक्यांची भरपूर मिळते, ती ऐकून सत्ता आणखी घाबरते, आणि गोड बोलणारे आणखी वाढतात.

या व्यवहाराचा सर्वांत भीषण दाखला स्टालिनच्या रशियाने दिला. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सोव्हिएत पोलिसांच्या स्वतःच्याच नोंदींप्रमाणे, ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. परकी हेर, घातपाती, कटवाले अशी त्यांची वर्गवारी होती. लाल सेनेच्या पाच मार्शलांपैकी तिघे त्यात संपले. पृथ्वीच्या पाठीवर इतके संशयी सरकार त्या वेळी दुसरे नसेल. आणि २२ जून १९४१ च्या रविवारी पहाटे तीस लाखांहून अधिक सैन्य घेऊन जर्मनी चालून आली, तेव्हा हेच सरकार गाफील सापडले! इशारे आले नव्हते असे नाही. टोकियोतून सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गे कळवत होता, लंडनहून चर्चिल यांनी कळवले होते, बर्लिनमधल्या स्वतःच्या हेरांचा अहवाल हल्ल्याच्या जेमतेम आठवडाभर आधी आला तर त्यावर स्टालिनने शिवी लिहून तो परत पाठवला. लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख गोलिकोव्ह यांना हे इशारे ठाऊक होते. पण आधीच्या प्रमुखांची काय गत झाली हेही ठाऊक होते. त्यामुळे ते इशारे पुढे पाठवताना ‘हे ब्रिटिशांनी पसरवलेले असावे’ अशी साखर वरून पेरली जाई. घरातल्या प्रत्येकावर अविश्वास असलेल्या त्या माणसाने जगात ज्याच्या अनाक्रमण कराराच्या कागदावर विश्वास टाकला तो हिटलर होता, याहून क्रूर विनोद विसाव्या शतकाला सुचला नसता.

अल्बानियाची गोष्ट त्या मानाने छोटी, थोडी हास्यास्पद आणि फार दुःखी आहे. तिथले हुकूमशहा एन्व्हर होजा यांनी १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी, १९६१ च्या सुमारास रशियाशी आणि १९७८ मध्ये चीनशी फारकत घेतली. मित्र संपले तसे शत्रू वाढले. लोकसंख्या तीस लाखांच्या आतबाहेर असलेल्या त्या डोंगराळ देशात शेतात, समुद्रकिनारी, द्राक्षमळ्यांत, स्मशानांतसुद्धा काँक्रीटचे घुमटाकार खंदक उगवले. त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास सांगतात. घरांसाठी लागणारे सिमेंट आणि लोखंड त्यांत गेले. चाल करून कोणी आलेच नाही. होजांच्या खालोखालचे नेते, पंतप्रधान मेहमेत शेहू, डिसेंबर १९८१ मध्ये मरण पावले. आत्महत्या, असे सांगितले गेले, आणि पाठोपाठ ते एकाच वेळी अमेरिका, रशिया आणि युगोस्लाव्हिया या तिन्ही देशांचे हेर होते असे जाहीर झाले. आज त्या घुमटांपैकी काहींत गुरे बांधतात, काहींत उपाहारगृहे चालतात आणि तिरानातल्या दोन मोठ्या भुयारांत संग्रहालये आहेत.

हे सगळे दूरदेशीचे, हुकूमशहांचे. आपण तिळगूळ खात वाचावे आणि सुटकेचा श्वास टाकावा, असे वाटणे साहजिक आहे. पण जानेवारी आपल्यालाही सोडत नाही.

१८ जानेवारी १९७७ रोजी, संक्रांत होऊन चार दिवस झाले असताना, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी लोकसभा निवडणुका घेण्याची घोषणा केली. दीड वर्षापूर्वी, २५ जून १९७५ च्या रात्री, देशाला ‘अंतर्गत अशांतते’चा धोका असल्याच्या कारणाने आणीबाणी पुकारली गेली होती. हा धोका कोणत्या सरकारला जाणवला, ते पाहण्यासारखे आहे. १९७१ च्या निवडणुकीत ३५२ जागा जिंकलेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बांगलादेशाच्या युद्धात निर्विवाद विजय मिळवलेले सरकार ते. महागाई होती, बिहार-गुजरातेत विद्यार्थ्यांचे आंदोलन होते, १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल आला होता. लोकशाहीतल्या सरकारांना असल्या ऋतूंची सवय असावी लागते. पण प्रत्येक गोष्टीमागे ‘परकीय हात’ दिसू लागला. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानुसार त्या काळात मिसा हा स्थानबद्धतेचा कायदा आणि भारत संरक्षण नियम यांखाली १ लाख १० हजार ८०६ माणसे तुरुंगात गेली. येरवडा आणि नाशिकरोडच्या कारागृहांत समाजवादी, संघवाले, जनसंघवाले आणि मार्क्सवादी शेजारी शेजारी राहिले, एवढाच काय तो राष्ट्रीय एकात्मतेला लाभ.

आणि जानेवारीतली ती घोषणा का झाली? यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण पुन्हा निवडून येऊ असा भरवसा गुप्तवार्ता यंत्रणेने दिला होता, असे त्या काळाचे बहुतेक भाष्यकार सांगतात. वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षण, विरोधक गजाआड, पक्षात होयबांचे राज्य. मग जिल्ह्यातला अधिकारी दुसरे काय कळवणार? मार्चमध्ये निकाल आले तेव्हा रायबरेलीची जागासुद्धा गेली होती. त्या दीड वर्षात सरकारला सत्य सांगणारी माणसे अगदीच नव्हती असे म्हणता येणार नाही. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांविरुद्ध बोलून दाखवले आणि आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पाककृतींच्या इतिहासातही रमणाऱ्या या विदुषीचे ते भाषण कोणत्याही गुप्त अहवालापेक्षा अधिक उपयोगी होते. सरकारने त्यांना पुढे अटक केली.

मात्र इथे एक भेद आपण सांभाळायला हवा, कारण तो निसटला तर सारे लिखाणच भाबडे ठरेल. भीती निराधार असते असे नव्हे. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनातल्या गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. दुसऱ्याच दिवशी मुंबईत रुईया महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातले, की पाहवा आपल्याजवळ कटाविषयी बोलला होता. पाहवाच्या जबानीत पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. ते पत्र कोणते आणि त्याचा संपादक कोण, हे सांगू शकणारे पोलीस पुण्यात होते. दिल्ली, मुंबई आणि पुणे या तीन ठिकाणी माहितीचे तीन तुकडे दहा दिवस, गांधीजींची हत्या होईपर्यंत, वेगवेगळे पडून राहिले. पुढे कपूर आयोगाने या दिरंगाईची पाने भरभरून नोंद केली. गांधीजींनी स्वतः, सभेला येणाऱ्यांच्या झडत्या घेऊ द्यायला नकार दिला होता. तो त्यांचा अधिकार होता. पोलिसांना धागे जोडण्यापासून कोणी रोखले नव्हते.

म्हणजे सावध असणे हे कष्टाचे, कंटाळवाणे, कारकुनी काम आहे. टिपणे जुळवायची, फोन करायचे, वरिष्ठाला नको असलेली गोष्ट दोनदा सांगायची. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात भूसुरुंगाने १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा बळी घेतला. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. अशा राज्यात राहणाऱ्यांना धोका खरा असतो हे कोणी शिकवायला नको. त्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीला आढळले की समुद्रमार्गे हल्ला होण्याच्या सूचना आधी येऊन पडल्या होत्या. धाक वाटणाऱ्यांची संख्या कमी नव्हती, कागद हलवणाऱ्यांची होती.

घाबरलेल्या सत्तेला असली कारकुनी करायला धीर नसतो. तिला एक संपूर्ण समूह संशयित म्हणून हवा असतो, म्हणजे शोधायचे काम उरत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, तेव्हा मुंबई सरकारला त्यामागे पुण्याच्या ब्राह्मणांचा विशाल कट दिसला. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुनाट रेग्युलेशनखाली खटल्याविना डांबले गेले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, शहरावर शिक्षा म्हणून जादा पोलीस बसवले गेले. प्रत्यक्षात कट म्हणावे तर एका घरातली भावंडे आणि त्यांचे मोजके सोबती. पांढरपेशा पुण्याला निदान वकील आणि वर्तमानपत्रे होती. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे मुंबई इलाख्यात ज्यांना सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या तारेच्या कुंपणात आणून ठेवले, त्यांच्यासाठी कोणी अग्रलेख लिहिले नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते कुंपण कायद्याने निघाले. पारधी वस्तीवर चोरीनंतरची पहिली गाडी कुठे थांबते, हे आजही आपण जाणतो. स्वतंत्र भारतानेही १९६२ च्या युद्धात शिलाँग, दार्जिलिंग, आसाम अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली कुटुंबे होती, उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले. काही तिथे वर्षानुवर्षे राहिली. अमेरिकेने १९४२ मध्ये १ लाख २० हजार जपानी वंशीयांशी हेच केले होते. १९८८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. देवळीचे नावही आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा भेटत नाही.

आपल्याकडच्या भीतीच्या कायद्यांचा एक स्वभाव आहे. ते पाहुण्यासारखे येतात. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा एका वर्षापुरता म्हणून आणला होता. मुदतवाढी घेत तो १९६९ च्या अखेरपर्यंत राहिला. दीड वर्ष गेले नाही तोच १९७१ मध्ये मिसा आला. तो १९७८ मध्ये गेला, मग टाडा, मग पोटा. दर वेळी आधीच्याचा दुरुपयोग झाल्याची कबुली देऊन नव्याचा दुरुपयोग होणार नाही अशी हमी दिली जाते. राजद्रोहाच्या जुन्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत १५२ क्रमांकाने त्याचा नातेवाईक वावरू लागला. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्याआधी संयुक्त समितीने हरकती मागवल्या तेव्हा त्या हजारोंनी आल्या, मसुद्यात बदल झाले. बदल पुरेसे होते का यावर मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण हजारो माणसांनी टपालाने, ई-मेलने सरकारला कडू कळवले आणि कळवून ती घरी सुखरूप राहिली, ही गोष्ट पूर्व जर्मनीच्या नागरिकाला स्वप्नवत वाटली असती. कडू कळवण्याच्या या ऐपतीचा वापर कमी झाला की ती जाते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कारणांतून ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र बंड’ घातले, ती सुधारणासुद्धा आपोआप झाली नव्हती. आधी कोणीतरी तुरुंगात बसले होते.

बर्लिनमधल्या त्या १११ किलोमीटर फायलींचे पुढे काय झाले, यावर तेव्हा मोठा वाद झाला. उघडल्या तर शेजारी शेजाऱ्याचा गळा धरील, म्हणून त्या जाळाव्यात किंवा कुलूपबंद ठेवाव्यात, असे म्हणणारे शहाणे कमी नव्हते. २ जानेवारी १९९२ पासून ज्याची फाइल त्याला ती वाचायला मिळू लागली. लाखोंनी अर्ज आले. नाती तुटली, काही लग्ने मोडली; सूडाची जी लाट येणार म्हणून भाकिते केली होती ती आली नाही. या दप्तराचे पहिले प्रमुख योआखिम गाउक २०१२ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आपल्याकडे २३ जानेवारी २०१६ रोजी, नेताजींच्या जयंतीला, केंद्र सरकारने त्यांच्यासंबंधीच्या १०० फायली खुल्या केल्या. त्याच्या आदल्या वर्षी बाहेर आलेल्या कागदांवरून कळले होते, की स्वतंत्र भारताच्या गुप्तवार्ता विभागाने १९४८ पासून १९६८ पर्यंत बोस कुटुंबावर कोलकात्यात पाळत ठेवली होती, त्यांची पत्रे फोडून नकलून घेतली होती. नेताजी हयात नव्हते, कुटुंबीयांकडून धोका नव्हता, पण सुरू झालेली पाळत थांबवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कागद उघडले आणि कोणाचेही सरकार पडले नाही. शहा आयोगाच्या अहवालाच्या प्रती १९८० नंतर दिसेनाशा झाल्या होत्या. तमिळनाडूचे माजी खासदार एरा सेळियन यांनी स्वतःजवळची प्रत २०१० मध्ये पुन्हा छापली, म्हणून आज आपल्याला वर दिलेला आकडा उद्‌धृत करता येतो. गोपनीय कागदांचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा, अशी तरतूद सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या नियमांत आहेच.

१८ जानेवारी २०२७ रोजी १९७७ च्या त्या घोषणेला ५० वर्षे पूर्ण होतात. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मिसाखाली जी माणसे उचलली गेली, त्यांच्या स्थानबद्धतेची कारणे कोणीतरी टंकलिखित केली होती, कोणीतरी त्यांवर सही केली होती, आणि त्याआधी कोणीतरी त्यांच्याविषयी खबर दिली होती. त्या फायलींपैकी ज्या अजून गृह विभागाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयांच्या कपाटांत असतील त्या मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर येथील पुराभिलेखागारांकडे सोपवाव्यात, आणि ज्याचे नाव फायलीवर आहे त्याला किंवा त्याच्या वारसाला ती एका पानी अर्जावर वाचायला मिळावी. त्या कैद्यांतले सर्वांत तरुणही आता सत्तरीच्या आसपास आहेत.